माइकचा पूर्ववर्धक व त्याची घरगुती प्रतिकृति

(लेखक : एक माजी विद्यार्थी)

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मी शाळेंत आलों तेव्हां माझ्या काखेंत एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या मागल्या अंगास माइकची तार बसविण्याची एक खोबण, दुसरी तार बाहेर नेण्याची एक खोबण, आणि दर्शनी भागीं एकच गोल बटण, एवढेंच त्याचें बाह्य रूप. पांच-सात मुलें भोवतीं जमलीं. या डब्यानें माइकचा आवाज मोठा होतो, असें मीं सांगतांच इयत्ता आठवींतील एका चुणचुणीत मुलीनें विचारलें, "पण दादा, यांतून तर कांहींच ऐकूं येत नाहीं. मग आवाज मोठा झाला तो कोठें?" प्रश्न अगदीं नेमका होता. तेवढ्यांत घंटा झाली व उत्तर अर्धवट राहिलें. तें पुरें करावें म्हणून हा लेख लिहीत आहें.

कारंजा तालुक्यांतील कामरगांव येथें आमचें घर. हा मुलूख पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ पासून तो वाशीम जिल्ह्यांत आहे. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येतात. मात्र जात्याचा खुंटा हातीं धरल्याशिवाय त्या तिला आठवत नाहींत. गांवांत विजेची चक्की आल्यापासून जातें कोपऱ्यांत पडलें, आणि ओव्याहि त्याच्याबरोबर कोपऱ्यांत पडल्या. पुण्यास गी पॉइतवाँ व हेमा राईरकर या दोघांनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गांवोगांवच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या मिळवून लिहवून घेतल्या, व त्यांपैकीं अनेकींचें गाणें मुद्रितहि झालें. हें वाचल्यावर, निदान आपल्या घरांतलें तरी आपण जपावें, असें माझ्या मनानें घेतलें. आजीचें वय ऐंशीच्या पुढें. आवाज बारीक झालेला. प्रथम मीं मोबाइलवर तिचें गाणें मुद्रित करून पाहिलें. ती ओवी संपवून श्वास घेई, तों मोबाइल आपण होऊन आपली संवेदनशक्ति वाढवी, आणि त्या फटींत 'शूं' असा खरखराट भरून येई. पुढें एका स्वस्त यंत्रास माइक जोडून पाहिला. त्यांत आजी ऐकूं आली खरी, पण पावसाच्या सरींत दाराआड उभें राहून कोणी बोलावें तशी. हा पाऊस कोठून येतो, याचा शोध घेतां घेतां मी पूर्ववर्धकापर्यंत येऊन पोंचलों. इंग्रजी जाणणारे त्यास प्रीअँप्लिफायर, किंवा लाडानें प्रीअँप, म्हणतात.

माइक म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. साध्या माइकांत एक पातळ पडदा असतो. पडद्यास तारेचें बारीक वेटोळें चिकटविलेलें असतें. आणि हें वेटोळें लोहचुंबकाच्या फटींत लोंबकळत असतें. आवाजानें पडदा हालला कीं वेटोळें हालतें, आणि चुंबकाच्या क्षेत्रांत वेटोळें हाललें कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेचा नियम दहावीच्या मुलांस ठाऊक आहेच. परंतु ही वीज किती? आजीसारख्या माणसानें चार बोटांवरून हलकें गायिलें, तर एका व्होल्टाचा सुमारें पांच हजारांवा भाग. ध्वनिमुद्रण यंत्रास सुखानें काम करावयास हवा असतो सुमारें सव्वा व्होल्ट. म्हणजे मधें कोणी तरी ही वीज सहा हजार पटींनीं वाढविली पाहिजे. तें काम पूर्ववर्धकाचें. त्याच्यापुढें कर्णा नसतो. तो वाढवितो ती वीज. आवाज पुढें कर्ण्यांतून, किंवा मुद्रण ऐकतांना, निघतो. त्या मुलीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें झालें.

हा माइक नव्हता तेव्हां गवयांची काय अवस्था होती, तेंहि पाहण्यासारखें आहे. १९०२ सालीं फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास येऊन आपल्याकडील पहिल्या तबकड्या मुद्रित करून गेला. त्या वेळीं विजेचा संबंध नसे. गाणारा एका कर्ण्यांत तोंड घालून गाई, व त्याच्या श्वासाच्या जोरानेंच सुई मेणावर रेघ कोरी. साहजिकच मोकळा, खणखणीत आवाज उमटे, आणि हळुवार स्वर मेणापर्यंत पोंचतच नसे. १९२५ च्या सुमारास माइक व वर्धक आले आणि हा सारा बळाचा खेळ संपला. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या दोन्ही काळांतल्या आहेत : कांहीं १९०५ च्या आगेमागे कर्ण्यांतून घेतलेल्या, व कांहीं १९३७ सालीं ते निवर्तले त्यापूर्वींच्या थोड्या वर्षांत माइकवर घेतलेल्या. त्यांचा आवाज मुळांत नाजूक. ज्यांस साधेल त्यांनीं या दोहोंतील एक एक ऐकून पाहावी. पूर्ववर्धकानें जगास काय दिलें तें मग निराळें सांगावें लागणार नाहीं.

आतां उत्तराचा दुसरा अर्धा भाग. सहा हजार पटींनीं वीज वाढविणें आज कठीण राहिलेलें नाहीं; पांच-दहा रुपयांच्या तुकड्यांतहि तें होतें. कठीण आहे तें हें कीं, वाढवितांना वर्धकानें आपली स्वतःची कुजबुज त्यांत मिसळूं नये. कोणतीहि तार, कोणताहि रोधक, खोलींतल्या साध्या उष्णतेनेंच अंतर्यामीं थरथरत असतो; त्यांतील इलेक्ट्रॉन सैरावैरा धांवत असतात व त्या धांवपळीची अतिसूक्ष्म वीज त्याच्या टोंकांशीं सदैव उमटत असते. अमेरिकेंत बेल यांच्या प्रयोगशाळेंत जॉन्सन यानें ती मोजली व नायक्विस्ट यानें तिचें गणित मांडलें. दोघांचे निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाले. माइकचा अंतर्गत रोध दीडशें ओहम धरला, तर माणसास ऐकूं येणाऱ्या सर्व स्वरांच्या पट्ट्यांत ही वीज सुमारें ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. हिच्याखालीं कोणाचीहि कारागिरी जाऊं शकत नाहीं. ती निसर्गानें घालून दिलेली जमीनच आहे.

आजीच्या आवाजाची वीज २०० मायक्रोव्होल्ट, आणि ही जमीन ०.२२. म्हणजे आवाज खरखराटाहून सुमारें नऊशें पट उंच उभा आहे. चिंता करण्याचें कारण दिसत नाहीं. परंतु ती एखादी ओवी पुटपुटल्यासारखी गाते, किंवा मान वळविते, तेव्हां नऊशेंचे नव्वद होतात. त्यांत वर्धक जर हलक्या प्रतीचा असून निसर्गाच्या दहापट कुजबुज स्वतःची घालीत असेल, तर नव्वदाचे नऊ उरतात. नऊ पट म्हणजे दाराआडचा पाऊस ऐकूं येणारच. माझ्या दोन्ही मुद्रणांत हेंच झालें होतें.

या कामीं वर्धकाचा पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे विहिरीचें पाणी पाटानें वाफ्यांत सोडतात. विहिरीच्या तोंडाशींच पाटांत माती ढांसळली तर शेवटच्या वाफ्यापर्यंत गढूळ पाणी जातें. तीच माती शेवटच्या वाफ्यापाशीं ढांसळली तर तेवढाच वाफा गढूळ होतो. वर्धकांतहि पहिल्या टप्प्यावर मिसळलेला खरखराट पुढील प्रत्येक टप्पा इमानानें वाढवीत जातो. म्हणून सगळी काळजी, व बरेचसे पैसे, तोंडाशीं खर्च करावे लागतात.

असा वर्धक स्वतः कल्पनेनें रचावा एवढी माझी विद्या नाहीं. लहानपणीं आपण अक्षर सुधारण्यासाठीं कित्ता गिरवितों. तसाच येथेंहि एखादा उत्तम कित्ता घ्यावा असें मीं ठरविलें. माझा कित्ता इंग्लंडांतील रूपर्ट नीव्ह यांचा. यांचा जन्म १९२६ सालचा. आईबाप मिशनरी असल्यामुळें त्यांचें बालपण दक्षिण अमेरिकेंत, ब्यूनॉस आयर्स शहरीं गेलें. आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून, म्हणजे तुम्हांपैकीं पुष्कळांच्या वयाचे असतांनाच, ते रेडिओ व वर्धक स्वतःच्या हातांनीं बनवूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत ते सैन्याच्या संदेश-विभागांत होते. युद्धानंतर एका जुन्या लष्करी रुग्णवाहिकेंत यंत्रें भरून ते गायकवृंदांचें व सभांचें मुद्रण करीत हिंडले. १९७० सालीं लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठीं त्यांनीं एक मोठें मिश्रण-पीठ तयार केलें. त्यांत बसविण्याच्या सुट्या भागास '१०७३' हा क्रमांक होता. तो भाग पुढें इतका नांवाजला कीं त्या काळचा अस्सल नग आज कांहीं लाख रुपयांस विकला जातो. नीव्ह २०२१ सालीं अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं वारले. त्यांच्या जुन्या यंत्रांच्या आंतील जोडणीच्या आकृत्या आज कोणासहि पाहावयास मिळतात, आणि जगभर हौशी लोक त्यांवरून प्रतिकृति करीत असतात. स्वतःच्या उपयोगासाठीं व शिकण्यासाठीं असें करणें मला गैर वाटत नाहीं. त्यावर मूळ कारखान्याचें नांव घालून विकणें मात्र शुद्ध चोरी होय. १०७३ मध्यें स्वरांचा जाडपणा-बारीकपणा बदलण्याचीहि सोय आहे; मला ती नको होती, म्हणून मीं केवळ वर्धकाचा भाग घेतला.

त्याच्या पोटांत काय आहे तें आतां पाहूं. तोंडाशीं एक ट्रान्सफॉर्मर बसतो. विजेच्या खांबावरील अवजड ट्रान्सफॉर्मर तुम्हीं पाहिला आहे. हा त्याचाच भाऊ, पण सुपारीच्या डबीएवढा. माइककडून येणाऱ्या दोन तारांतील वीज हा कांहीं पटींनीं वाढवितो, आणि वाढवितांना स्वतःची कुजबुज जवळजवळ घालीत नाहीं, हा त्याचा पहिला गुण. दुसरा गुण असा कीं, दोन तारांतील फरक तेवढा तो पुढें जाऊं देतो. घरांतील विजेच्या ताराजवळून माइकची तार गेली तर दोन्ही तारांवर सारखाच उपद्रव होतो. सारखेपणामुळें तो फरकांत दिसत नाहीं व दाराबाहेरच राहतो. याचा गाभा निकेल पुष्कळ असलेल्या खास मिश्रधातूचा असतो व बाहेरून त्याच धातूचें कवच असतें. ही वस्तु कामरगांवांत होण्यासारखी नव्हती. नीव्ह यांस त्या काळीं ज्यांनीं ट्रान्सफॉर्मर पुरविले त्या कार्नहिल या इंग्लंडांतील कारखान्याचा नग मीं मागविला. सगळ्या डब्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग या एका डबीनें खाल्ला, आणि त्याचें मला वाईट वाटत नाहीं.

पुढें मोजके लहान ट्रान्झिस्टर येतात. मूळ यंत्रांत बीसी १८४ जातीचे होते. ते आतां सहज मिळत नाहींत, म्हणून मीं त्याच कुळांतील बीसी ५४९ वापरले. ते रुपया-दोन रुपयांस कोणत्याहि शहरांत मिळतात. या ट्रान्झिस्टरांच्या जोडणींत एक फार सुंदर युक्ति आहे. बाहेर पडणाऱ्या विजेचा थोडासा अंश परत तोंडाशीं आणून तो येणाऱ्या विजेच्या उलट जोडतात. गवई गातांना स्वतःचा आवाज कानांनीं ऐकतो, तंबोऱ्याशीं ताडून पाहतो, व स्वर घसरला तर तत्क्षणीं सुधारतो. तसा हा वर्धक स्वतःची चूक स्वतःच ऐकून दुरुस्त करीत राहतो. वर्धन कांहींसें कमी होतें, पण जें उरतें तें प्रामाणिक असतें. ही कल्पना हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्यास १९२७ सालच्या ऑगस्टांत, कामावर जातांना बोटींत बसल्या बसल्या सुचली, व जवळ दुसरा कागद नसल्यामुळें त्यानें ती वर्तमानपत्राच्या पानावरच काढून ठेविली. डब्याचें गोल बटण फिरविलें कीं हा परत येणारा अंशच कमी-अधिक होतो, व त्याप्रमाणें वर्धन अधिक-कमी होतें.

सर्वांत शेवटीं उभा आहे एक धिप्पाड ट्रान्झिस्टर, '२एन३०५५'. मला सर्वांत मौज वाटली ती याची. लंडनच्या स्टुडिओंत ज्यानें मोठमोठ्या गायकांचे आवाज वाहून नेले, तोच हा ट्रान्झिस्टर आपल्याकडील जुन्या इन्व्हर्टरांत व लग्नमंडपांतील वर्धकांत वर्षानुवर्षें राबत आला आहे. दुरुस्तीच्या कोणत्याहि दुकानांत तो ड्रॉवरच्या तळाशीं सांपडतो. नीव्ह यांनीं त्यास असें बसविलें आहे कीं कोणी गात नसतांहि त्यांतून सारखा प्रवाह वाहत असतो. त्यामुळें तो कोंबट राहतो व विजेचा अपव्यय होतो, परंतु सूक्ष्मांतील सूक्ष्म स्वरहि तुटत नाहीं. चुलींत निखारा धुमसत ठेवला म्हणजे दर वेळीं काडी ओढावी लागत नाहीं, तसें हें आहे. या ठिकाणीं मी एकदां फसलों. एका दुकानांतून आणलेला २एन३०५५ दिसावयास अस्सल, पण वजनास हलका होता. पाऊण तासांत तो जळाला. दुसरा मीं एका मोडक्या इन्व्हर्टरांतून काढला, तो आजतागाईत चालू आहे.

दुसरी फजीती सर्वस्वीं माझीच. मूळ जोडणींत टँटलम नांवाच्या धातूचे लहान संधारक आहेत. त्यांस धन व ऋण अशीं टोंकें असतात व तीं उलटीं लागलेलीं त्यांस मुळींच खपत नाहींत. रात्रीं अकरा वाजतां, डोळे मिटत असतां, मीं एक उलटा लावला. वीज सोडतांच 'फट्' झालें, धूर निघाला आणि आई झोपेंतून उठून आली. तेव्हांपासून रात्रीं नवाच्या पुढें सोल्डरिंग करावयाचें नाहीं असा घरांत कायदा आहे, आणि तो योग्य आहे.

बाहेर पडण्याच्या तोंडाशीं आणखी एक ट्रान्सफॉर्मर लागतो. तोहि विलायतेहून आणावा एवढे पैसे उरले नव्हते. आमच्याकडे शेतांतील मोटारी वाइंडिंग करून देणारे एक वयस्क काका आहेत, त्यांच्याकडे गेलों. वेटोळ्यांचें प्रमाण मीं दिलें, तार व पत्रे त्यांनीं जुन्या सामानांतून काढले. पहिला नग जोडला तर बारीक स्वर ठीक, पण जात्याची घरघर फाटकी येऊं लागली. दोघेहि बुचकळ्यांत पडलों. कारण नंतर उमगलें. त्या धिप्पाड ट्रान्झिस्टरांतून वाहणारा अखंड प्रवाह याच ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतून जातो. त्यामुळें लोखंडाचा गाभा आधींच चुंबकत्वानें तुडुंब भरलेला असतो, व जाड स्वरांच्या मोठ्या लाटेस त्यांत जागाच उरत नाहीं. यावर उपाय म्हणजे गाभ्यांत जाणूनबुजून एक फट ठेवणें. काकांनीं सवयीप्रमाणें 'ई' व 'आय' आकाराचे पत्रे एक सुलट, एक उलट असे विणले होते. मीं विनंति केली कीं सगळे 'ई' एका बाजूस व सगळे 'आय' दुसऱ्या बाजूस करून मधें कागदाची पट्टी घालावी. काका म्हणाले, "चाळीस वर्सं झाले बापू, फट राहू नये म्हनूनच तं ठोकत आलो. आता तूच फट पाडाले सांगतं!" तरी त्यांनीं केलें. वहीच्या कागदाची एक पट्टी गेली आणि जातें स्वच्छ घरघरूं लागलें. काकांनीं पैसे घेतले नाहींत. मात्र तें मुद्रण दोनदां ऐकून घेतलें.

येथपर्यंत 'शूं' या शत्रूचें झालें. दुसरा शत्रु 'हूं'. आपल्या घरची वीज सेकंदास पन्नास वेळां झोके घेते; ती सरळ करून वर्धकास दिली तरी तिचा हुंकार मागें राहतो, आणि सहा हजार पटींनीं वाढविल्यावर तो भुंग्यासारखा कानांत घुमतो. शहरांत उत्तम अर्थिंग असतें, खेड्यांत त्याचा भरंवसा नसतो. मीं ट्रान्सफॉर्मर दूर नेला, तारा पिळल्या, डबा बदलला. भुंगा कमी झाला, गेला नाहीं. शिवाय भारनियमनाची वेळ केव्हां येईल याचा नेम नसे. मग एके दिवशीं ओसरीवर पडलेल्या फवारणी पंपाकडे लक्ष गेलें. पाठीवरच्या त्या पंपांत बारा व्होल्टांची बॅटरी असते. नीव्ह यांच्या जोडणीस हवे आहेत बरोबर चोवीस व्होल्ट. आमच्या पंपाची एक व शेजाऱ्यांच्या पंपाची एक, अशा दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडल्या. भरलेल्या असतांना पंचवीसांच्या आसपास व्होल्ट मिळाले. बॅटरींतील वीज झोके घेत नाहीं, म्हणून हुंकारहि नाहीं. डबा थोडीच वीज खातो. आठ अँपिअर-तासांची बॅटरी कित्येक रात्रीं पुरते. दोन महिने जें मला साधलें नाहीं तें कपाशीवर औषध मारणाऱ्या पंपानें एका संध्याकाळीं साधून दिलें.

कांहीं माइकांस चालण्यासाठीं स्वतःसच ४८ व्होल्ट लागतात, ते माझ्या डब्यांत नाहींत. हा ४८ चा आंकडा कोठून आला तेंहि ऐकण्यासारखें आहे. १९६६ सालीं नॉर्वेच्या नभोवाणीस तसे माइक हवे होते. अंधाऱ्या हिंवाळ्याच्या त्या देशांत स्टुडिओंत संकटकाळच्या दिव्यांसाठीं ४८ व्होल्टांची सोय आधींच होती, म्हणून जर्मन कारखान्यानें तोच आंकडा धरला आणि तो जगभर रूढ झाला. माझा माइक साधा, वेटोळ्याचा. त्यास कांहींच द्यावें लागत नाहीं.

ज्या मुलांस असा डबा करून पाहावासा वाटेल त्यांस दोन गोष्टी सांगणें माझें कर्तव्य आहे. घरच्या २३० व्होल्टांस वडीलधारें माणूस जवळ असल्याशिवाय हात लावूं नये. बॅटरीवर काम करावें, आणि बॅटरीच्या तारेंतहि फ्यूज घालावा, कारण दोन बॅटऱ्यांचीं टोंकें एकमेकांस भिडलीं तर तार लाल होते. सोल्डरच्या कथलांत शिसें असतें. काम झाल्यावर हात साबणानें धुऊन मगच भाकरीस बसावें. परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे : माइक काढून त्याच्या जागीं दीडशें ओहमचा एक रोधक लावावा, बटण पुरें फिरवावें आणि ऐकावें. आतां कोणीहि बोलत नाहीं. जें ऐकूं येतें तें निसर्गाचें अधिक तुमच्या वर्धकाचें. मीं माझा डबा व तें स्वस्त यंत्र असे दोन्ही सारख्या वर्धनावर याप्रमाणें ऐकले. स्वस्त यंत्रांत धो धो पाऊस. डब्यांत दूरवर कोणी तांदूळ पाखडावे इतकाच आवाज.

आणि एक कबुली. माइक तोंडापासून एक हातावर असतां तो चार बोटांवर आणला तर जो फायदा होतो, तो कितीहि पैसे खर्चून केलेल्या वर्धकानें होत नाहीं. अंतर निम्मे केलें कीं वीज दुप्पट होते, आणि तीहि फुकट. म्हणून आधीं माइक जवळ घ्यावा, पंखा बंद करावा, कुत्रीं झोपण्याची वाट पाहावी; मग वर्धकाची उठाठेव करावी.

मार्गशीर्षांतील एका रात्रीं आम्हीं जातें ओसरीवरून मधल्या खोलींत आणलें. खालीं गोणपाट घातलें, जात्यांत मूठ मूठ ज्वारी टाकावयास माझी चुलतबहीण बसली, आणि माइक आजीच्या हनुवटीखालीं बांधला. प्रथम ती माइककडे पाहून अडखळली. जातें फिरूं लागल्यावर मात्र तिला आमचा विसर पडला. पहिल्या ओव्या माहेरच्या वाटेच्या होत्या, मग भावाच्या, मग अशा माणसांच्या ज्यांचीं नांवें घरांत आतां कोणी घेत नाहीं. सव्वा तास गेली. कांहीं ओव्या तर ती जवळजवळ श्वासावरच बोलली. मोबाइलवर त्या कधींच उमटल्या नव्हत्या. या वेळीं उमटल्या, आणि ओवी संपतांना ती जो श्वास घेते तोहि उमटला.

तिला ऐकवलें तेव्हां ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे कोन बुढी गाते बाप्पा?" आम्ही हंसलों, पण ती थट्टा करीत नव्हती, स्वतःचा आवाज तिनें पूर्वीं असा ऐकलाच नव्हता. पुन्हां एकदां लावावयास सांगून तिनें बोटांवर ओव्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजारचे काका आपली बॅटरी न्यावयास आले. तुरीवर अळी दिसूं लागली होती. आजीनें त्यांस दारांतच थांबविलें : "आजची रात राहू दे बापू. माह्या मायची एक ओवी सुटली." काकांनीं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हां बांधला व फवारणी उद्यांवर टाकली.